लागा, कोंडवाडा आणि दावणीचा बैल

माउली, आषाढीला पालखीच्या रथाची बैलजोडी दिसली की आपला हात आपोआप तिच्या पाठीवरून फिरतो. पण आपल्याच दावणीचा बैल थकला, खांदा देईनासा झाला, तर त्याच्या वैरणीचा भार कोणी उचलायचा? प्रश्न आजचा नाही, आणि सरकारही त्यात फार पूर्वीच पडले आहे.

1832 ची मुंबई डोळ्यांसमोर आणा. मोकाट कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना पैसे मिळत. पारशी समाजात कुत्रा पवित्र. जूनमध्ये त्यांच्या सणाच्या दिवशीही शिपाई थांबले नाहीत, तेव्हा शहर पेटले, बाजार बंद पडला. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभे राहिले. पांजरपोळ म्हटले की आज आपल्याला गाय आठवते, पण मुंबईत त्याला निमित्त झाले ते कुत्र्याचे. कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवराय ज्यांच्या मनात आहेत, त्यांना याचे नवल वाटायला नको. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या व्यवहारावर स्वतःच ‘लागा’ बसवून घेतला. तो सरकारी कर नव्हता. सौदा झाला की त्यातला थोडा वाटा मुक्या जिवांचा, एवढेच.

सरकारने बांधला तो कोंडवाडा. 1871 चा कायदा पिकात शिरलेल्या गुरांसाठी. तिथे चारापाणी मिळे, पण त्याचे पैसे दंडासह मालकाकडून घेत. मुदतीत कोणी सोडवायला आले नाही, तर दवंडी आणि लिलाव. जुन्या माणसांना विचारा, कोंडवाड्याचे नाव ते प्रेमाने घेणार नाहीत.

1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने सूर बदलला. छळ झालेले जनावर उपचारासाठी किंवा पांजरपोळात पाठवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला मिळाला. पोसण्याचा खर्च मालकावरच, पण मालक गरीब असेल तर उपचाराचे पैसे माफ करता येतात. कायद्याच्या रुक्ष कागदात ही एक ओळ मला फार मोलाची वाटते.

आता आपल्या राज्याकडे या. 2015 पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. 30 सप्टेंबर 2024 रोजी मंत्रिमंडळाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईमागे रोज 50 रुपये अनुदान मंजूर केले. गोसेवा आयोगाकडे त्याचे काम, आणि गोशाळांच्या पडताळणीसाठी जिल्ह्यात समिती. गाईसाठी झाले ते चांगलेच झाले. पण ज्ञानोबांनी जिच्या मुखी वेद आणले ती रेड्याची जात, आणि नाथबाबांनी रामेश्वराची कावड ज्याच्या तोंडी रिकामी केली ते गाढव, यांचे नाव त्या निर्णयात नाही. घरच्या गोठ्यातला म्हातारा बैलही त्यात येत नाही.

दुष्काळात मात्र सरकारची नजर वेगळी असते. 2019 च्या चारा छावण्यांत मोठ्या जनावरामागे दिवसाला 100 रुपये आणि लहानामागे 50 असा दर झाला होता. तिथे लहान की मोठे, एवढेच पाहत. म्हैस शेजारी, बैल शेजारी, मालक रात्री त्यांच्याच पायथ्याशी झोपलेला. मग पाऊस पडला, छावण्या उठल्या, आणि जो तो आपापली जनावरे सोडवून घराकडे निघाला.