अंतराळातील रसद

अंतराळवीरांची नावे इतिहासात राहतात; त्यांचा शिधा वाहून नेणाऱ्या यानांच्या वाट्यास मात्र केवळ अनुक्रमांक येतो. रसदखात्याचे भाग्य सर्वत्र सारखेच!

सोव्हिएत संघाच्या आरंभीच्या अंतराळस्थानकांस यान जोडण्यासाठी एकच दार असे. बरोबर नेलेला साठा सरला की मुक्काम हलवावा लागे. १९७७ साली सोडलेल्या ‘सल्यूत-६’ला दुसरे दार ठेवण्यात आले, आणि २२ जानेवारी १९७८ रोजी ‘प्रोग्रेस-१’ हे निर्मनुष्य यान आपोआप तेथे येऊन भिडले. त्यात सुमारे २,३०० किलो माल होता. पैकी १,००० किलो इंधन नळ्यांवाटे स्थानकाच्या टाक्यांत भरावयाचे होते. ह्या पुरवठ्याच्या बळावर रोमानेंको व ग्रेच्को ह्यांनी ९६ दिवस काढून अमेरिकनांचा ८४ दिवसांचा उच्चांक मोडला. पुढील फेऱ्यांत घरची पत्रेही जाऊ लागली. त्यांचे मोल परमुलखात बदली झालेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. रिते यान मात्र परत येत नसे. वातावरणात शिरून ते जळून जाई.

पुढे ‘मीर’ स्थानकाचा संसारही ह्याच यानांवर चालला. त्यांस आपोआप जोडणारी ‘कुर्स’ यंत्रणा कीव्ह येथे तयार होई. १९९१ साली संघ फुटला, युक्रेन निराळा देश झाला आणि तिची किंमत मॉस्कोस जड वाटू लागली. तेव्हा अंतराळवीरांनीच दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहून यान हाकावे, असा काटकसरीचा विचार निघाला. मार्च १९९७ मधील प्रयोगात पडद्यावर चित्रच उमटले नाही, व यान स्थानकाजवळून निघून गेले. इतके होऊनही २५ जूनला प्रयोग पुन्हा केला गेला. अंतर मोजणारे रडार बंद होते. पडद्यावर ढगांच्या पार्श्वभूमीवर स्थानक नीट ओळखू येत नव्हते. ‘प्रोग्रेस एम-३४’ ‘स्पेक्त्र’ ह्या कक्षावर आदळले आणि आतील हवा बाहेर जाऊ लागली. लाझुत्किन व फोल ह्यांनी दारातून गेलेल्या तारा तोडून तो कक्ष बंद केला, म्हणून तिघे वाचले. पुढे मॉस्कोत पहिले बोट दाखविले गेले ते दलनायक त्सिब्लियेव्ह ह्यांच्याकडे. हा न्याय आम्हांस मान्य नाही. काटकसरीचा निर्णय भूमीवरचा होता.

दुरुस्तीचे सामान घेऊन जुलैमध्ये ‘प्रोग्रेस एम-३५’ गेले. ते मात्र ‘कुर्स’च्या साहाय्यानेच जोडण्यात आले.