निर्विकार मुद्रेमागे

वेडाचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी आक्रोश, भ्रम आणि साखळदंड यांपाशीच रेंगाळते. कोपऱ्यात बसून भिंतीकडे पाहत राहणारा, आप्ताच्या मृत्यूच्या वार्तेनेही ज्याची मुद्रा पालटत नाही असा रुग्ण तिच्या वाट्याला क्वचितच येतो. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींना तर तो पत्रातील एका ओळीतच भेटतो : धाकटा हल्ली आळशी झाला आहे, कोणाशी बोलत नाही. आळस हा शब्द आम्ही किती सहज वापरतो!

लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील जॉन हॅस्लम यांनी १८०९ मध्येच अशा तरुणांचे वर्णन केले होते; एके काळी स्नेहाळ असलेली ही मुले माता-पित्यांविषयीही उदासीन होत जातात, हे त्यांनी टिपले. पुढे हायडेलबर्गच्या एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली आपल्या पाठ्यग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत हे भावमांद्य ‘अकाली बुद्धिनाश’ या रोगात मुख्य मानले. वर्गीकरण मोठे रेखीव. पण रुग्ण आतून विझला, असा निकालही त्यासरशी लागून गेला.

तो निकाल ऑयगेन ब्लॉयलर यांना मान्य नव्हता. १८८६ पासून बारा वर्षे ते ऱ्हाइनाऊच्या रुग्णालयात रुग्णांच्या सहवासात राहिले होते. मेलेली वाटणारी भावना प्रसंगी अकस्मात जागी होते, असे त्यांना दिसले. १९०८ मध्ये त्यांनी रोगाला ‘स्किझोफ्रेनिया’ हे नवे नाव दिले.

यानंतरचा अध्याय आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. जॉन विंग आणि जॉर्ज ब्राउन यांनी १९६० ते १९६८ या काळात इंग्लंडमधील तीन मनोरुग्णालयांतील स्त्रियांची पाहणी केली. रुग्णेचे किती तास रिकामे जातात, तिच्या मालकीच्या वस्तू किती, बाहेरच्या जगाशी संबंध किती, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले. (आमच्या कचेऱ्यांतील तक्ते इतके उपयोगी पडले असते तर!) जिथे जीवन अधिक ओसाड, तिथे औदासीन्यही अधिक आढळले, रिकामे तास घटले तिथे तेही ओसरले. सगळे मात्र ओसरले नाही. काही भाग रोगाचाच होता. १९५२ पासून आलेली औषधे भासांना आवरतात, या औदासीन्यावर मात्र त्यांची मात्रा फारशी चालत नाही.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत अ‍ॅन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना चित्रपटांतील भावनोत्कट प्रसंग दाखवले. त्यांचे चेहरे इतरांहून कमी हलले; मनात काय वाटले असे विचारता, त्यांनी सांगितलेल्या भावना मात्र इतरांहून उण्या नव्हत्या.