हेलिकॉप्टरचा दोर आणि ‘नको’ म्हणायचा हक्क

27 जुलै 2005. आदल्या दिवशीच्या पावसातून मुंबई अजून सावरली नव्हती. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, कुलाब्याला जेमतेम 73. गिरगाव-लालबागमधले लोक उपनगरात अडकलेल्या आपल्या माणसांना फोन लावत होते आणि फोन लागत नव्हते. त्याच दुपारी, किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोकं कापली गेली.

त्याला उपचारांची गरज होती. एरवी अशा वेळी हेलिकॉप्टरचा विचार झाला असता. पण पावसाळी हवा, जोराचा वारा आणि खवळलेला समुद्र यांमुळे हेलिकॉप्टर उपलब्ध नव्हतं. मग त्याला क्रेनच्या पाळण्यात बसवून शेजारच्या ‘मुंबई हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. जहाजाच्या थ्रस्टरमध्ये अडचण होती, त्यामुळे ते हाताने सांभाळत, मागच्या बाजूने प्लॅटफॉर्मजवळ आणलं गेलं. तेही ज्या बाजूने वारा येत होता त्या बाजूला, म्हणजे वारा जहाजाला प्लॅटफॉर्मवरच ढकलत होता.

स्वयंपाकी सुखरूप वर पोचला. नंतर जहाज हेलकावलं आणि त्याचा हेलिपॅड प्लॅटफॉर्मच्या रायझरवर आदळला. रायझर म्हणजे तेल आणि वायू वाहून नेणारे उभे नळ. वायू बाहेर पडला, पेटला, आग शेजारच्या नळांपर्यंत गेली आणि साधारण दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. त्या परिसरात 384 माणसं होती. 362 वाचली, 22 गेली. जहाजावरचे सहा पाणबुडे दाबाच्या बंद खोलीत अडकले होते. त्यांची सुटका 36 तासांनी झाली. जळालेलं जहाज 1 ऑगस्टला बुडालं.

दोन बोटांसाठी एवढं सगळं, असं आज म्हणणं सोपं आहे. त्या क्षणी प्रत्येकाला जखमी सहकाऱ्याला मदतच करायची होती. म्हणूनच या घटनेतून उरणारा प्रश्न अवघड आहे: माणसाला दोराला टांगायचं की नाही, हे कोण ठरवतं? आणि ‘आत्ता नको’ कोण म्हणू शकतं?

हेलिकॉप्टरच्या विंचने माणूस उचलण्याचा इतिहास फार जुना नाही. 29 नोव्हेंबर 1945 रोजी अमेरिकेत कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात एक तेलाचा बार्ज खडकावर अडकला. सिकोर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरने त्यावरच्या दोघांना विंचने उचललं. नागरी सुटकेची ही पहिली घटना मानतात. त्यातही दुसऱ्या माणसाच्या वेळी विंच अडकली आणि तो बाहेर लोंबकळतच किनाऱ्यापर्यंत गेला. पहिल्याच दिवशी यंत्राने आपली मर्यादा दाखवून दिली.

मुंबईकरांना हे दृश्य अनोळखी नाही. 4 डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास गेटवेसमोर हेलिकॉप्टर समुद्रातून माणूस उचलून दाखवतं आणि काठावरची गर्दी टाळ्या वाजवते. नौदलाचा तळ जवळच, कुलाब्याला आहे: आयएनएस शिक्रा. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात ‘पी-305’ हा बार्ज बुडाला, तेव्हा युद्धनौकांनी रात्रीच्या काळोखात लोकांना पाण्यातून वर काढलं आणि हवेने वाट दिल्यावर हेलिकॉप्टरंही शोधकार्यात उतरली.

प्रात्यक्षिकात जे सहज दिसतं त्याच्या मागे नियमांची लांब साखळी असते. उडणाऱ्या हेलिकॉप्टरवर विजेचा भार साठतो. म्हणून खाली सोडलेला हुक आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्यायचा, मगच हात लावायचा. नाहीतर जोरदार झटका बसतो. तो हुक जहाजाच्या कुठल्याही भागाला कधीही अडकवायचा नाही, कारण मग हेलिकॉप्टर जहाजाला बांधलं जातं. डेकवरची प्रत्येक सुटी वस्तू आधी बांधून ठेवायची, कारण पंख्याचा वारा ताडपत्रीसुद्धा उडवतो आणि ती पंख्यात गेली तर सगळंच संपलं. काखेखालून पट्टा घातलेल्या माणसाने हात खालीच ठेवायचे. घाबरून हात वर केले की तो पट्ट्यातून निसटू शकतो.

आणखी एक गोष्ट. नेमका खाली लटकलेला माणूस पायलटला दिसत नाही. दारात बसून विंच चालवणारा सहकारी त्याचे डोळे होतो: थोडं पुढे, थोडं उजवीकडे, स्थिर. आणि विंचला केबल तोडायची सोय असते. केबल कुठे अडकली आणि हेलिकॉप्टरच कोसळायची वेळ आली, तर दोर तोडता येतो. दोराला माणूस असला तरी. ज्याला टांगायचं आहे त्याला हे आधी स्पष्ट सांगितलेलं असायला हवं. ते ऐकून त्याने ‘नको’ म्हटलं, तर त्यात भेकडपणा काही नाही.

दादर-लालबागच्या गोविंदा पथकांना हा वाद परका नाही. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हंडीची उंची 20 फुटांवर आणली आणि 18 वर्षांखालच्यांना मनाई केली. 2017 मध्ये उंचीची अट गेली आणि वयाची अट 14 वर आली. एवढ्या वादानंतरही वरच्या थरावरच्या पोराच्या कमरेला दोर बांधला की काम संपलं, असं होत नाही. तो दोर कोणाच्या हातात आहे आणि थर हलू लागल्यावर ‘खाली उतरा’ कोण ओरडणार, हे ठरलेलं असावं लागतं.

आता अपघाताचा तपास करणाऱ्यांकडे वळू. बुडणाऱ्याला उचलताना हिशेब सरळ असतो: दोराचा धोका एका बाजूला, मरण दुसऱ्या बाजूला. तपास अधिकाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. तो पोचतो तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मोडलेलं जहाज असेल किंवा डोंगरावरचे विमानाचे तुकडे, तो तासाभराने उतरला म्हणून कोणी मरणार नाही. म्हणून त्याच्यासाठी नियम अधिक कडक असायला हवेत. बोटीने किंवा पायी जाता येत असेल तर विंच नको. आधी जमिनीवर सराव केलेला नसेल तर विंच नको. सामान वेगळं सोडायचं, अंगावर लटकवायचं नाही. आणि सोडून गेलेलं हेलिकॉप्टर हवा बिघडल्यामुळे परतलंच नाही, तर खाली राहायची तयारी हवी: पाणी, खाणं, गरम कपडे, संपर्काचं साधन. खुद्द अपघातस्थळही धोक्याचंच असतं. धारदार पत्रे, जळालेल्या कार्बन फायबरची धूळ, न फुटलेले दाबाचे सिलिंडर. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अशा धोक्यांवर वेगळी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे.

या सावधपणाची किंमतही मोजावी लागते, आणि त्याचं उदाहरण मुंबईशी जोडलेलं आहे. 3 नोव्हेंबर 1950 रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. सुटकेसाठी पायी निघालेल्या पथकातले गिर्यारोहक रने पायो बर्फात मृत्युमुखी पडले. वर वाचवायला कोणीच उरलेलं नव्हतं. 24 जानेवारी 1966 रोजी त्याच पर्वतावर मुंबईहून निघालेलं ‘कांचनगंगा’ आदळलं. 117 जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. या वेळी तपास बर्फामुळे थांबवावा लागला. तो सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झाला आणि अहवाल मार्च 1967 मध्ये आला. निष्कर्ष असा होता: विमानाचं एक दिशादर्शक यंत्र बंद होतं, पायलटला आपण शिखर ओलांडलं असं वाटलं, आणि रडार नियंत्रकाने केलेली दुरुस्ती त्याला नीट उमगली नाही.

मधल्या चौदा महिन्यांत अफवांना मोकळं रान मिळालं. भाभांच्या मृत्यूमागे कट होता, हे फॉरवर्ड आजही तुमच्या फोनवर येत असेल. हिमनदी अधूनमधून अवशेष बाहेर टाकते. 2012 मध्ये परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सापडली, 2020 मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी असलेली वर्तमानपत्रं. प्रत्येक वेळी जुना संशय नव्याने फिरतो.

तरीही हिवाळ्यात थांबण्याचा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. पायो यांच्यासारखा आणखी एक जीव घालवून तो अहवाल लवकर आला असता, तर गेलेल्या 117 जणांपैकी एकही परत आला नसता. उशिरा आलेल्या अहवालावर लोक संशय घेतात, त्याला उत्तर देता येतं. तपासात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना काय उत्तर देणार?

बॉम्बे हायच्या आगीनंतर, 2008 मध्ये, समुद्रातल्या तेल उद्योगासाठी केंद्र सरकारने स्वतंत्र सुरक्षा नियम आणले. अपघात थांबले असं नाही. 13 जानेवारी 2018 रोजी जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं आणि सातही जण गेले. 28 जून 2022 रोजी ‘सागर किरण’ रिगजवळ दुसरं कोसळलं. नऊपैकी चार गेले, पाच वाचले. ते वाचले कारण जवळच्या जहाजावरच्या आणि रिगवरच्या लोकांनी लगेच बोटी काढल्या.

तिथे क्षणभरही थांबणं चूक ठरलं असतं. कधी धावायचं आणि कधी थांबायचं, यातला फरक नियमांच्या वहीत आधी लिहून ठेवावा लागतो, कारण वारा सुटलेला असताना आणि समोर जखमी माणूस असताना तो सुचत नाही. 2005 च्या त्या दुपारी दोन बोटं वाट पाहू शकली असती. हे त्याच वेळी, त्याच डेकवर कोणाला तरी म्हणता यायला हवं होतं, आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकायला हवं होतं.