धुरातून आलेले कोड

इंजिनाचा बिघाड सांगणारा कोड हा हवेसाठी जन्मला, तोही लॉस एंजेलिसच्या हवेसाठी. सोलापुरातल्या आमच्या गॅरेजमध्ये स्कॅनर हातात घेणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी हे सांगतो.

जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर डोळे झोंबवणारा धुरकट थर उतरला. युद्धाचे दिवस, जपान्यांनी विषारी वायू सोडला, असंही लोकांना वाटलं. मग ॲलिसो स्ट्रीटवरच्या कृत्रिम रबराच्या कारखान्यावर खापर फुटलं, तो काही काळ बंद ठेवला. धुरकं हटेना. अननसाच्या वासावर काम करणाऱ्या आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवून दिलं, की गाड्यांच्या धुरातलं न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात मिसळून हे तयार होतं.

धूर कमी करायचा तर हवा-पेट्रोलचं प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावं लागतं. कार्बोरेटरच्या स्क्रूला ते जमणारं नव्हतं. म्हणून धुराच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसला आणि गाडीत कॉम्प्युटर आला. पण सेन्सर बिघडला तरी गाडी चालतच राहते, नुसती धूर ओकते. चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याला कळावं म्हणून डॅशबोर्डवर दिवा आला.

जनरल मोटर्सच्या १९८०च्या दशकातल्या गाड्यांत तपासणीच्या कपलरच्या दोन पिना तारेने जोडल्या की तो दिवा लुकलुकायचा. एकदा, मग थोडं थांबून दोनदा, म्हणजे कोड १२. पुढे ४४ आला तर मिश्रणात हवा जास्त, ४५ आला तर पेट्रोल जास्त. दुसऱ्या कंपनीचे कोड वेगळे, कपलरही वेगळा. १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या कारना १६ पिनांचा एकसारखा कपलर आणि समान कोड सक्तीचे झाले. या धंद्यावर एवढा मोठा उपकार दुसऱ्या कुठल्या कायद्याने केलेला नाही. कंपनीच्या वर्कशॉपबाहेरच्या मिस्त्रीचं पोट त्यावर चालतं.

आपल्याकडे एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज ४ हे धुराचं मानक आधी १३ शहरांत लागू झालं. त्यात मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. कोड ठेवणारी यंत्रणा त्याच नियमांसोबत आली, आणि २०१३पासून तिची दुसरी, कडक पायरी.

या समान कोडांतला पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. हा कोड दिसला की पोरं ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावतात. बहुतेक वेळा सेन्सरने आपलं काम चोख केलेलं असतं. एअर फ्लो मीटरच्या पुढच्या रबरी पाइपला चीर गेलेली असते, न मोजलेली हवा आत शिरते आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत वाढवत हद्दीला पोचतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलात केलेल्या वाढ-घटीचा आकडा, बघावा. तो आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर खाली येत असेल तर हवा कुठून शिरते ते शोधायचं. लोडवर वाढत असेल तर फिल्टर आणि पंप तपासायचा.

माझे उस्ताद कार्बोरेटरच्या काळातले. गाडी मिसिंग मारायला लागली की चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढायचे. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नसे, तो सिलिंडर मेलेला. पी ०३०१ आला, की आम्ही आजही त्याच वाटेने जातो. कोडने पहिला सिलिंडर दाखवला. कारण दाखवलेलं नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची दुसऱ्याला लावायची, कोड पुसायचा, गाडी फिरवून आणायची. पी ०३०२ आला तर कॉइल गेली. पी ०३०१च परत आला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. आणि गाडी चालताना दिवा लुकलुकत असेल तर गिऱ्हाइकाला फोनवरच सांगायचं, गाडी बाजूला घ्या, टोचन करून आणा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते, आणि एका कॉइलचं काम प्लॅटिनम-पॅलेडियमच्या डब्यावर जातं.