व्होल्ट, ॲम्पिअर आणि घरातील विजेचे गणित

पाणी तापविण्याच्या गीझरवर एक लहानशी पट्टी असते. तिच्यावर सामान्यतः २३० व्होल्ट आणि २००० वॅट असे दोनच आकडे छापलेले असतात. उपकरण किती विद्युतधारा घेईल, त्याचा रोध किती आहे आणि त्यासाठी कोणता प्लग लागेल, हे सारे या दोन आकड्यांवरून काढता येते.

विभवांतराला विद्युतधारेने भागले असता रोध मिळतो आणि विभवांतराला विद्युतधारेने गुणले असता शक्ती मिळते. विभवांतर व्होल्टमध्ये, धारा ॲम्पिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजतात. वरील गीझरसाठी २००० भागिले २३० म्हणजे सुमारे ८.७ ॲम्पिअर धारा लागते. २३० भागिले ८.७ केले की रोध येतो साधारण २६.४ ओहम. ६ ॲम्पिअरच्या लहान सॉकेटवर हा गीझर चालविणे का योग्य नाही, याचे उत्तर पहिल्याच भागाकारात मिळते. त्याला १६ ॲम्पिअरचा सॉकेटच हवा.

यांपैकी पहिला संबंध जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग सायमन ओहम यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्या काळातील विद्युतघटांचा दाब स्थिर राहत नसे आणि त्यामुळे मापने जुळत नसत. ओहम यांनी दोन भिन्न धातूंच्या सांध्यांपैकी एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून स्थिर दाब मिळविला. मायदेशात या कार्याचे आरंभी फारसे स्वागत झाले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र १८४१ मध्ये त्यांना कोपली पदक दिले.

दोन्ही संबंध एकत्र केले की आणखी दोन सूत्रे हाती येतात. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. तसेच शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. या सूत्रांतील ‘वर्ग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, सायंकाळी दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला. दाबातील घट सुमारे २२ टक्के. पण गीझरचा रोध जवळजवळ तोच राहत असल्याने शक्ती १२२५ वॅटवर येते, म्हणजे ३९ टक्क्यांनी घटते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास पूर्ण दाबावर सुमारे २१ मिनिटे लागतात, कमी दाबावर ३४ मिनिटे. दाब कमी असल्यास वीजबिलही कमी येते, ही समजूत येथे लागू पडत नाही. पाण्याला लागणारी ऊर्जा तेवढीच, सुमारे ०.७ युनिट, राहते.

रोध नेहमीच स्थिर असतो असे नाही. १०० वॅटच्या जुन्या पद्धतीच्या दिव्याचा रोध सूत्रानुसार ५२९ ओहम येतो. मात्र तोच दिवा थंड असताना, वीजपुरवठ्यापासून अलग करून मल्टिमीटरने तपासला तर साधारण ४० ओहमच दिसतात. सूत्र चुकलेले नसते. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध अनेक पटींनी वाढतो. असे दिवे बहुधा बटण दाबण्याच्या क्षणीच का जात, याचे कारणही यातच आहे, कारण त्या क्षणी धारा नेहमीच्या दहापटीहून अधिक असते.

घरातील सर्वांत दुर्लक्षित रोध प्लगच्या ढिल्या पिनेपाशी असतो. तेथे केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तरी गीझरच्या ८.५ ॲम्पिअर धारेचा वर्ग गुणिले ०.५ म्हणजे सुमारे ३६ वॅट उष्णता त्या एका बिंदूवर साठू लागते. डाग देण्यासाठी वापरली जाणारी सोल्डरिंगची कांडी अनेकदा २५ वॅटचीच असते. सॉकेट पिवळा पडणे, जळकट वास येणे, पिन हाताला गरम लागणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी एमसीबी पडत नाही. तो वाढलेली धारा ओळखतो. येथे तर रोध वाढल्यामुळे धारा किंचित घटलेलीच असते. म्हणून एमसीबी पडला नाही याचा अर्थ सारे ठीक आहे, असा घेता येत नाही. पातळ तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड अवजड उपकरणाला जोडल्यास हीच उष्णता तारेच्या संपूर्ण लांबीत पसरते, आणि तार गुंडाळलेली असेल तर तिला बाहेर पडण्यास वाव राहत नाही.

दूरच्या वीजवहनामागेही हाच वर्ग आहे. तेवढीच शक्ती दहापट दाबाने पाठविली तर धारा दहाव्या हिश्शावर येते आणि त्याच तारेतील उष्णतेचा ऱ्हास शंभराव्या हिश्शावर. चंद्रपूर ते पडघे या ७५२ किलोमीटरच्या एकदिश वाहिनीची क्षमता १५०० मेगावॅट असून तिच्या दोन ध्रुवांवर अधिक ५०० आणि उणे ५०० किलोव्होल्ट दाब असतो. भागाकार केल्यास पूर्ण भारावर धारा १५०० ॲम्पिअर येते.

मोटारींच्या बाबतीत मात्र नुसता गुणाकार पुरेसा नाही. प्रत्यावर्ती धारेवर चालणाऱ्या पंपाचा दाब २३० व्होल्ट आणि धारा ६ ॲम्पिअर असेल तर गुणाकार १३८० येतो. हा आकडा व्होल्ट-ॲम्पिअरचा होय. शक्तिगुणक ०.८ असल्यास प्रत्यक्ष शक्ती ११०४ वॅट ठरते. तसेच दाबाला धारेने भागून येणारे ३८ ओहम म्हणजे मोटारीच्या वेटोळ्यांचा रोध नव्हे; तो याहून बराच कमी असतो. गीझर कमी दाबात कमी धारा घेतो, तर भाराखालील मोटार तेवढेच पाणी उपसण्यासाठी अधिक धारा खेचते. धारा २० टक्क्यांनी वाढली की वेटोळ्यांतील उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. कमी दाबाच्या दिवसांत शेतीपंप जळतात ते यामुळेच.