मेयॉल, जॉन

मेयॉल, जॉन : (२९ नोव्हेंबर १९३३ – २२ जुलै २०२४). ब्रिटिश ब्लूज गायक, गीतकार, पियानो, ऑर्गन, माउथ ऑर्गन व गिटार वादक आणि 'ब्लूजब्रेकर्स' या बँडचे संस्थापक. 'ब्रिटिश ब्लूजचे गॉडफादर' ही बिरुदावली त्यांना आयुष्यभर चिकटली. स्वतःच्या वादनापेक्षा हाताखालून गेलेल्या वादकांमुळेच ते जास्त ओळखले गेले. निधनानंतर चाहत्यांनी काढलेल्या आठवणींतही त्यांच्या नावामागोमाग आधी इतरांचीच नावे येतात.

जन्म चेशर परगण्यातील मॅकल्सफील्ड येथे. वडील मरे हौशी गिटारवादक. घरात जॅझच्या तबकड्यांचा साठा. त्या ऐकत ऐकतच जॉनचा पियानोवर आणि गिटारवर हात बसला. पोरवयात त्यांनी झाडावर फळ्यांची खोली बांधली आणि तिथेच मुक्काम हलवला, ही हकीकत त्यांच्या बहुतेक मृत्युलेखांत आली आहे. सक्तीच्या लष्करी सेवेत ते कोरियात होते. रजेवर जपानला गेले असता त्यांनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. पुढे मँचेस्टरच्या कला महाविद्यालयात शिकून ते ग्राफिक डिझायनर झाले. ॲलेक्सिस कॉर्नर या ज्येष्ठ ब्लूज वादकाने आग्रह केला म्हणून १९६३ साली ते लंडनला आले. तेव्हा ते तिशीला टेकले होते. ज्यांच्यासोबत पुढे वाजवायचे होते, ती बरीचशी पोरे त्यांच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान होती.

ब्लूजब्रेकर्सला बँड म्हणण्यापेक्षा तालीम म्हणणे अधिक योग्य ठरेल. मेयॉल तिथले वस्ताद. पठ्ठे येत, घडत आणि मोठ्या फडात उतरायला निघून जात. १९६५ साली 'यार्डबर्ड्स' या बँडचे संगीत फार बाजारू होत चालले म्हणून गिटारवादक एरिक क्लॅप्टन तिथून बाहेर पडला आणि मेयॉल यांच्याकडे आला. काही काळ तो राहायलाही त्यांच्याच घरी होता. तिथल्या लहानशा खोलीत बसून मेयॉल यांच्या संग्रहातल्या अमेरिकी रेकॉर्ड ऐकणे हेच त्याचे शिक्षण. त्याच उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर ग्रीसला निघून गेला. परतल्यावर मेयॉल यांनी त्याला मुकाट पुन्हा घेतले. मधल्या काळात जागा धरून असलेल्या पीटर ग्रीनला त्यासाठी हटावे लागले. लंडनच्या भिंतींवर क्लॅप्टनला देव ठरवणारी अक्षरे उमटली ती याच दिवसांत. ज्याच्या बँडमध्ये हा देव वाजवत होता, त्याचे नाव मात्र भिंतीवर कुणी लिहिले नाही.

जुलै १९६६ मध्ये निघालेला 'ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन' हा अल्बम वेस्ट हॅम्पस्टेडमधील डेक्का कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. निर्माता माइक व्हर्नन. गिब्सन लेस पॉल गिटार मार्शल अॅम्पला जोडून क्लॅप्टनने आवाज मंचावर ठेवायचा तितकाच चढा ठेवला आणि कमी करायला साफ नकार दिला. स्टुडिओत त्या काळी हे शिष्टसंमत नव्हते. त्यातून आलेला जाड, किंचित फाटलेला स्वर पुढच्या रॉक गिटारवादकांनी प्रमाण मानला. ती गिटार थोड्याच दिवसांत चोरीला गेली. मुखपृष्ठावर भिंतीपाशी चौघे बसले आहेत आणि क्लॅप्टन 'बीनो' या मुलांच्या चित्रसाप्ताहिकात डोके घालून आहे. चाहते या अल्बमला आजही 'बीनो अल्बम' म्हणतात. म्हणजे टोपणनावही पठ्ठ्याच्या हातातल्या अंकावरून पडले.

क्लॅप्टन जॅक ब्रूसबरोबर 'क्रीम'मध्ये गेला, तेव्हा ग्रीन परत आला. मेयॉल यांनी ग्रीनला वाढदिवसाची भेट म्हणून स्टुडिओतला वेळ दिला. त्या वेळेत त्याने बँडमधल्याच जॉन मॅकव्ही आणि मिक फ्लीटवूड यांच्याबरोबर वाजवले आणि १९६७ मध्ये 'फ्लीटवूड मॅक' उभा राहिला. भेट देणाऱ्याचाच बँड त्यामुळे रिकामा झाला. त्यानंतर आलेला अठरा वर्षांचा मिक टेलर १९६९ साली रोलिंग स्टोन्समध्ये गेला. ॲंडी फ्रेझर तर पंधराव्या वर्षी येथे बेस वाजवून 'फ्री'मध्ये पोचला.

मेयॉल यांचा आवाज उंच आणि काहीसा पातळ होता. गिटारवर ते अव्वल नव्हते. माउथ ऑर्गनवर मात्र त्यांची हुकमत होती. १९६९ साली न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ध्वनिमुद्रित झालेला 'द टर्निंग पॉइंट' त्याची साक्ष देतो. त्यात ड्रमच नाहीत. ब्लूजमधून ड्रम काढण्याचे धाडस यशस्वी झाले आणि त्यातले 'रूम टू मूव्ह' त्यांची ओळख बनले.

ते मुळात चाहतेच होते, हे त्यांच्या मोठेपणाच्या धबडग्यात निसटते. १९६७ मध्ये शिकागोचा गायक जे. बी. लेन्वार मोटार अपघातातील जखमांनी गेला. इंग्लंडमध्ये त्याला ओळखणारे थोडे. मेयॉल यांनी त्याच वर्षीच्या 'क्रुसेड' अल्बमात त्याच्या मृत्यूवर गाणे केले आणि 'द टर्निंग पॉइंट'मध्ये पुन्हा त्याच्यासाठी दुसरे. एल्मोर जेम्सवरही त्यांचे गाणे आहे. गेलेल्या वादकाची आठवण कशी काढावी, हे त्यांच्या चाहत्यांनी त्यांच्याच रेकॉर्डवरून आधी ऐकले होते.

पुढे ते कॅलिफोर्नियात लॉरेल कॅन्यनमध्ये स्थायिक झाले. १९७९ च्या आगीत घर गेले, बरोबर रोजनिश्या आणि संग्रहही. २००३ साली लिव्हरपूलमध्ये झालेल्या सत्तरीच्या मैफलीत क्लॅप्टन आणि टेलर दोघेही वाजवायला आले. २००५ मध्ये त्यांना 'ओबीई' किताब मिळाला. २०१८ मध्ये कॅरोलिन वंडरलँड ही त्यांची पहिली स्त्री मुख्य गिटारवादक झाली.

निधन कॅलिफोर्नियातील घरी, नव्वदाव्या वर्षी. कुटुंबाने वार्ता जाहीर केल्यावर क्लॅप्टनने चित्रफितीतून कृतज्ञता सांगितली : कोवळ्या वयात आपण संगीत सोडायला निघालो होतो, तेव्हा यांनीच सावरले. रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरने ब्रायन जोन्सच्या जागी टेलरचे नाव यांनीच सुचवल्याची आठवण सांगितली. सामान्य चाहत्यांच्या आठवणी याहून घरगुती. कुणाला साठीच्या दशकातले क्लूक्स क्लीक, फ्लेमिंगो असे धुराने भरलेले लंडनचे क्लब आठवतात, तर कुणाला उतारवयात कार्यक्रमाआधी टेबलामागे उभे राहून स्वतःच्या सीडी विकणारे आणि त्यावर सह्या करणारे मेयॉल. तिघांपैकी कोणाचा काळ श्रेष्ठ, क्लॅप्टनचा, ग्रीनचा की टेलरचा, हा वाद मात्र त्यांच्या मृत्यूनेही मिटलेला नाही.

एप्रिल २०२४ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने प्रभावशाली संगीतकारांच्या सन्मानासाठी त्यांची निवड जाहीर केली. सोहळा ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँडला झाला, तेव्हा ते हयात नव्हते. त्याच सन्मानाच्या यादीत बिग मामा थॉर्नटनबरोबर आणखी एक नाव होते : १९८४ साली वारलेल्या ॲलेक्सिस कॉर्नरचे.