घरकुल मिळाले, पण उंबरठा ओलांडता येतो का?

भंडारा-तुमसर मार्गावर मोहाडी हे तालुक्याचे गाव आहे. धानाच्या या पट्ट्यात पाऊस भरपूर पडतो. त्यामुळे घर उंच जोत्यावर बांधण्याची येथील रीत जुनी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला आलेल्या महापुराने उंच जोत्याचे मोल भंडारा जिल्ह्याला पुन्हा पटवून दिले. मात्र पाण्याला अडविणारे हेच जोते वृद्धांची आणि दिव्यांगांचीही वाट अडविते. अंगणातून ओसरीवर जाण्यासाठी दोन-तीन पायऱ्या, त्यावर उंबरठा, आत खोल्याखोल्यांत उंचीचा फरक आणि शौचालय परसात, अशी रचना असलेल्या घरात गुडघे कुरकुरू लागले की माणूस हळूहळू एका खोलीत बंदिस्त होतो.

मुंबई-हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानक याच तालुक्यात, वरठी येथे आहे. तेथून गाडी पकडून नोकरीसाठी मोठ्या शहरांत गेलेल्या अनेकांचे आईवडील गावीच राहतात. अशा घरांत वडीलधाऱ्यांचा पाय घसरला, तर मदतीला हात मिळण्यासही वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते.

कायदा काय सांगतो?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांच्यासाठी १९९५ मध्ये झालेल्या कायद्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम ३७ नुसार शासकीय गृहनिर्माण योजनांतील घरांच्या वाटपात ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यात महिलांना प्राधान्य आहे.

इमारती सुगम असाव्यात, हे तत्त्वही कायद्यात आहे. मात्र त्यासंबंधीचे मानक नियमांत केवळ शिफारशीच्या स्वरूपात राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात हा नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्याचे आदेश केंद्र सरकारला दिले. तथापि, या साऱ्याचा भर सार्वजनिक इमारतींवर आहे. गावातील खासगी घराच्या न्हाणीघरापर्यंत ही सक्ती सहसा पोहोचत नाही. म्हणजे आरक्षणातून घर मिळते; पण त्या घरात शिरता येईल की नाही, हे बांधणाऱ्या मिस्त्रीवरच अवलंबून राहते.

उंची, रुंदी आणि उतार

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट आहे. एवढ्या जागेत सुगमता बसवायची, तर आखणी आधीच करावी लागते.

उतारमार्गाचे प्रमाण एकास बारा असावे, असा संकेत आहे. जोते ४५ सेंटीमीटर उंच असेल, तर उताराची लांबी ५.४ मीटर, म्हणजे जवळपास १८ फूट भरते. जोते उंच ठेवूनही हे साधते. अंगण लहान असल्यास मध्ये सपाट टप्पा देऊन उतार भिंतीलगत वळविता येतो. घाईने केलेला आखूड, तीव्र उतार मात्र पायऱ्यांपेक्षाही घातक ठरतो. चाकाची खुर्ची त्यावरून आवरत नाही आणि पावसात काठीही घसरते.

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर असावी आणि उंबरठा शक्यतो नसावाच. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळविण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. पायऱ्या ठेवायच्याच असतील, तर प्रत्येकीची उंची सारखी व १५ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी. बाजूला मुठीत मावेल असा कठडाही हवा.

न्हाणीघर आणि रात्रीची वाट

शेणाने सारवलेल्या जमिनीची जागा आता गावोगावी गुळगुळीत फरशीने घेतली आहे. ती पुसायला सोपी असली, तरी ओली झाल्यावर निसरडी होते. निदान न्हाणीघरात खरखरीत फरशी घालावी. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे वृद्धांना कठीण जाते. तेथे सुमारे ४५ सेंटीमीटर उंचीचे आसन आणि बाजूच्या भिंतीत पक्की बसविलेली लोखंडी दांडी पुरेशी होते. दांडीला माणसाचा पूर्ण भार पेलावा लागतो. त्यामुळे ती केवळ गिलाव्यात न बसविता विटांच्या बांधकामात घट्ट रोवावी. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार अडून बसते. केंद्रीय पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने २०१५ मध्ये दिव्यांगांसाठी सुगम घरगुती शौचालयांची मार्गदर्शक पुस्तिकाच प्रसिद्ध केली होती.

शौचालय परसात असेल, तर तेथपर्यंतची वाट सपाट व उजेडाची असावी. पावसाळ्यात वीज जाते आणि सापविंचवांचाही वावर असतो. म्हणून खाटेजवळ हाताशी येईल अशी विजेरी हवीच. मोहाडी व आंधळगावचा परिसर कोशाच्या विणकामासाठी ओळखला जातो. ज्या घरात खड्डामाग आहे, तेथे काम थांबताच खड्ड्यावर भक्कम फळी टाकणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

मदत कोठे मिळते?

मोहाडीत नगरपंचायत असल्याने शहरातील लाभार्थ्यांसाठी आवास योजनेचा शहरी विभाग, तर तालुक्यातील खेड्यांसाठी ग्रामीण विभाग लागू होतो. शहरी योजनेत सदनिका देताना दिव्यांग व ज्येष्ठ असलेल्या कुटुंबांना तळमजल्यास वा खालच्या मजल्यास प्राधान्य द्यावे, अशी तरतूद मार्गदर्शक सूचनांत आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करावा, असेही राज्याचे धोरण आहे. काठी, वॉकर, चाकाची खुर्ची यांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना दारिद्र्यरेषेखालील वा अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षांपुढील पात्र व्यक्तींना एकरकमी तीन हजार रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. दिव्यांगांनी वैश्विक ओळखपत्र काढून ठेवणे अगत्याचे आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

ग्रामीण घरकुलाचे अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांत मिळते आणि जोत्याची पाहणी हा त्यांतील एक टप्पा असतो. उताराला जागा सोडली आहे का, दाराची चौकट किती रुंद आहे, शौचालय घरालगत घेता येईल का, हे प्रश्न त्याच वेळी गृहनिर्माण अभियंत्याला विचारावेत. भिंती उभ्या राहण्यापूर्वी चौकट रुंद ठेवण्यास फारसा जादा खर्च येत नाही. पुढे त्याच कामासाठी भिंत फोडावी लागते. शहरातून गावच्या घरासाठी पैसे पाठविणाऱ्या मुलामुलींनीही रंग आणि फरशी निवडण्याआधी आईवडिलांचे वय लक्षात घेऊन जोत्याचा आराखडा पाहावा.